घरच्या घरी सुतारकाम : जागेची मांडणी



सुतारकामाची गोष्ट निघाली म्हणजे लोक लागलीच हत्यारांविषयी विचारू लागतात. रंधा कोणता घ्यावा, करवत किती दातांची असावी, मोटार किती ताकदीची बसवावी, असे ते प्रश्न असतात. जागेविषयी सहसा कोणी विचारीत नाही. बैल विकले आणि गोठ्याची एक बाजू मोकळी पडली, किंवा ओसरीचा एक कोपरा रिकामा झाला, की तेथे पसारा मांडावयाचा, अशीच रीत पडून गेली आहे. मग जूनचा पहिला पाऊस पडतो तेव्हा कळते की फळ्या नेमक्या ओल्या भिंतीला टेकलेल्या आहेत. पटाशीला धार लावावयाची म्हटले की हात अंधारात. म्हणून आज हत्यारे थोडी बाजूला ठेवून आपण केवळ जागेविषयी बोलू या.

मी जातिवंत सुतार नव्हे. अंबाजोगाईस कॉलेजात भूगोल शिकवतो, आणि सुट्टीच्या दिवशी लाकडाशी झटापट करतो. पण ऊन कोठून येते, वारा कोणत्या महिन्यात कोणत्या दिशेने वाहतो, ओल कोठे मुरते, हे सारे भूगोलाचेच प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे काढता काढता खोलीची निम्मी मांडणी आपोआप होऊन जाते.

ही माहिती कोणासाठी, हेही सांगून टाकतो. एक तर हौसेने पाट-चौरंग, मुलांसाठी खेळणी, शाळेसाठी फळ्याची चौकट करू पाहणारे शिक्षक. आणि दुसरा तो तरुण, ज्याचे आजोबा गावचे सुतार होते. बारा बलुतेदारांत सुताराचे स्थान मोठे. नांगर, तिफण, वखर, गाडीचे चाक ही सारी त्याच्या हातची. लोखंडी अवजारे आली, पाठोपाठ ट्रॅक्टर आला, आणि बलुत्याचा आधार सुटला. मुले पुण्याला, लातूरला फर्निचरच्या कामावर गेली. त्यांच्यापैकी कोणी आता परत येऊन घरीच काम मांडावे म्हणतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने सुरू केलेल्या पी. एम. विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय घेतले आहेत, त्यांत सुतारकाम आहे. हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साह्य आणि विनातारण कर्ज, पहिल्या टप्प्यात एक लाख व दुसऱ्या टप्प्यात दोन लाख रुपयांपर्यंत, पाच टक्के व्याजाने, अशी त्यात तरतूद ठेवली आहे. पण कर्ज काढून आणलेले यंत्र दहा बाय बाराच्या खोलीत आडवेतिडवे उभे राहिले, तर ते पोट भरण्याऐवजी बोटे खाते. हौशी माणसाचे अशा वेळी रविवारचे काम तेवढे बुडेल. या मुलाचे मात्र घर बुडते. त्यामुळे पुढे जे सांगतो ते त्याने जरा अधिक लक्ष देऊन ऐकावे.

आता पहिली गोष्ट. आपल्याकडचा जुना सुतार खोलीत काम करीत नसे. लिंबाच्या झाडाखाली बसे. मांडी घालून किंवा उकिडवा बसून, लाकूड पायाने दाबून धरी, आणि वाकस, पटाशी, रंधा, मोगरी, गुण्या अशी हत्यारे आपल्याभोवती अर्धवर्तुळात मांडी. पाहणाऱ्याला तो पसारा वाटे. पण नीट पाहिले तर त्याला कोणत्याही हत्यारासाठी उठावे लागत नसे. ही मांडणीच होती, आणि फार शहाणपणाची. हात पोचेल तेवढ्यात हत्यार, पाय पोचेल तेवढ्यात शिकंजा, आणि डोक्यावर सावली. सहा फूट बाय सहा फूट जागेत नांगर तयार होत असे. पाश्चात्त्य पद्धतीचे उंच टेबल हीच सुधारणा आणि जमिनीवर बसणे म्हणजे मागासलेपण, असे मानण्याचे काही कारण नाही. ज्याच्याकडे दोन खणांची ओसरी आहे, त्याने बैठे काम मांडावे. ओसरीच्या खांबाशी एक जाड पाट घट्ट बसवावा, पाटाच्या टोकाला आडवी पट्टी ठोकावी, म्हणजे रंधा मारताना फळी पुढे सरकत नाही. बाकी काम पायाचे.

परंतु बैठ्या कामाला मर्यादा आहे. चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या गुडघ्यांना ते फार वेळ सोसत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. आणि पाच-सहा फुटी फळीला सलग रंधा मारावयाचा तर अंगाचा भार पुढे टाकावा लागतो, ते उभ्यानेच चांगले साधते. म्हणून बाकाचा विचार करू. बाक साडेपाच फूट लांब, वीस ते चोवीस इंच रुंद पुरे. उंची पुस्तकात पाहून ठरवू नका. ताठ उभे राहा, हात सैल सोडा, तळवा जमिनीला समांतर वळवा. तळवा जेथे येतो ती रंधा मारण्याच्या बाकाची उंची. साडेपाच फुटी माणसाला ती तीस इंचांच्या आसपास येते. शाळेत मुलांसाठी बाक करावयाचा असेल तर त्यांच्या तळव्याचे माप घ्यावे. मोठ्यांच्या बाकावर मुलाला उभे केले तर त्याला रंधा खांद्यातून ढकलावा लागतो. मग तो दहा मिनिटांत थकतो आणि आपण म्हणतो, पोराला हातकाम जमत नाही.

बाक कोठे ठेवावा? उत्तरेच्या खिडकीखाली. हे ठामपणे सांगतो, आणि कारणही सांगतो. अंबाजोगाई सुमारे पावणेएकोणीस अक्षांशांवर आहे. डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर असतो. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट बाकावर येणार, डोळे दिपणार, आणि अर्धी फळी तापून अर्धी थंड राहणार. पश्चिमेच्या खिडकीचे ऊन तर उन्हाळ्यात तीन वाजल्यानंतर माणसाला खोलीतून बाहेरच काढते. उत्तरेचा उजेड शांत असतो. दिवसभर तो फारसा बदलत नाही. आपल्याकडे मेच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या दोन दिवसांच्या दरम्यान तो दुपारी किंचित उत्तरेला असतो, पण जास्तीत जास्त पाच अंश. दुपारपुरता हातभर छज्जा त्याला पुरतो. त्या काळात सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या भिंतीवर तिरपे ऊन येते, त्याला एक गोणपाट पुरे. आणखी एक गंमत आहे. खिडकीचा उजेड समोरून, फळीवर जवळजवळ आडवा पडला, म्हणजे रंध्याने राहिलेला बारीकसा उंचवटाही सावली टाकतो आणि चट्कन दिसतो. तोच उजेड माथ्यावरून आला तर सारे गुळगुळीतच दिसते. पॉलिश लावल्यावर मग दोष उघडे पडतात.

हवेचे मात्र उलट. आपल्याकडे पावसाळ्याचे वारे पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येतात, आणि पावसाची झड पश्चिमेच्या भिंतीवर बसते. बालाघाटाच्या माथ्यावर राहणाऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको. म्हणून पश्चिमेच्या भिंतीला हत्यारे टांगू नयेत. महिन्याभरात करवतीच्या पात्यावर तांबूस ठिपके दिसू लागतात. त्या भिंतीला वर, छपरालगत, एखादा झरोका ठेवावा, म्हणजे समोरच्या दारातून आलेला वारा धूळ घेऊन निघून जातो. बाकी ती भिंत खिळ्यांचे डबे, जुने दरवाजे, अशा ओलीने न बिघडणाऱ्या वस्तूंना द्यावी. हत्यारांना महिन्यातून एकदा खोबरेल तेलाचे बोट फिरवले की पुरते. आमच्याकडे तर करडईचे तेलही चालते, पण ते थोडे चिकट होते.

लाकडाच्या साठ्याविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण बहुतेक नुकसान तेथेच होते. लाकूड मेले तरी श्वास घेते, असे म्हणतात. ते पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पण लांबीत नव्हे, रुंदीत. सहा फुटी फळी सहा फुटीच राहते, तिची रुंदी तेवढी कमीजास्त होते. म्हणूनच पावसाळ्यात कपाटाचा खण अडकतो. साग यात सर्वांत शांत, बाभूळ बरीच खट्याळ. ओल्या फळीला वाळावयास इंचाला साधारण एक वर्ष लागते, असा जुना अडाखा आहे. आपला उन्हाळा कडक, त्यामुळे काही लाकडे लौकर वाळतात. पण घाईने उन्हात टाकलेली फळी टोकाशी फाटते, हेही खरे. तेव्हा फळ्या आडव्या रचाव्यात. जमिनीपासून एक फूट वर, दर दोन फुटांवर आधार, आणि दोन फळ्यांमध्ये बोटभर जाडीच्या सारख्या पट्ट्या, एकाखाली एक. भिंतीपासून चार बोटे अंतर. काळ्या जमिनीतल्या घरांत वाळवी भिंतीच्या भेगेतून वर चढते. फळी भिंतीला टेकली नसेल तर वाळवीला मातीचा बोगदा बांधूनच यावे लागते, आणि तो डोळ्यांस दिसतो. पत्र्याच्या छताखाली, माळ्यावर लाकूड टाकू नका. एप्रिल-मेमध्ये तेथे भट्टी असते.

नीट ठेवलेले लाकूड किती टिकते याची खात्री करावयाची असेल तर लोणावळ्याजवळ कार्ल्याचे चैत्यगृह पाहून या. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बसवलेल्या लाकडी कमानी अजून त्या दगडी छताखाली आहेत. ऊन लागत नाही, पाऊस लागत नाही, वारा खेळतो. पुढे वेरूळच्या दहाव्या लेण्यात कारागिरांनी त्याच कमानी दगडात कोरल्या. त्या दगडात लाकडाचे काम एवढे हुबेहूब उतरले की लोक त्या लेण्याला ‘सुतार का झोपडा’ म्हणू लागले. आपल्या मराठवाड्यात सुताराच्या नावाचे असे लेणे आहे, ही गोष्ट शिक्षकांनी सहलीच्या वेळी मुलांना जरूर सांगावी.

आता यंत्राकडे वळू. लहानशी गोल करवत, म्हणजे टेबलाला बसवलेले फिरते पाते, हे पहिले यंत्र बहुतेक जण घेतात. तिला किती जागा लागते? यंत्र तीन फुटांचे दिसते. पण सहा फुटी फळी चिरावयाची तर पात्याच्या अलीकडे सहा फूट आणि पलीकडे सहा फूट पाहिजेत. म्हणजे झाले बारा फूट, आणि यंत्र व माणूस वेगळाच! बारा फुटी खोलीत हे बसावयाचे कसे? त्याला उपाय म्हणजे दार. यंत्र खोलीच्या मध्यावर दाराच्या सरळ रेषेत ठेवा, म्हणजे चिरलेली फळी दारातून अंगणात जाईल. खोली तेवढीच राहील, पण लांबीला वीस-पंचवीस फुटांची होईल. फळी अंगणात लटकू नये म्हणून दाराबाहेर यंत्राच्याच उंचीचा एक घोडा उभा करावा.

पण हाच उपाय धोक्याचाही आहे, कारण दार हे माणसांच्या येण्याजाण्याचे. घरातले चार वर्षांचे पोर धावत येते आणि दारातून अकस्मात फळीचे टोक बाहेर पडते. तेव्हा यंत्र सुरू करण्यापूर्वी अंगणात, घोड्याच्याही पुढे, दोरी बांधून तिला लाल फडके लावावे. हे रोज करावे, एका फळीसाठीही करावे. आपण स्वतः पात्याच्या सरळ रेषेत कधी उभे राहू नये, अर्धे पाऊल बाजूला राहावे. दहा इंची पात्याचा परीघ सुमारे ८० सेंटिमीटर असतो. ते मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या दाताचा वेग ताशी १४४ किलोमीटरच्या जवळपास जातो. आपली एस. टी. देखील इतकी पळत नाही. फळी पात्यात चिमटली तर ती जवळपास त्याच वेगाने मागे फेकली जाऊ शकते. म्हणून यंत्राच्या मागे, त्या रेषेत, ना बाक असावा, ना बसावयास येणाऱ्या शेजाऱ्याची खुर्ची.

विजेचे थोडक्यात सांगतो. एक अश्वशक्तीची मोटार चालताना पाच-सहा अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या कित्येक पट. तेव्हा घरच्या पंख्या-दिव्याच्या तारेवर ती जोडू नये. मीटरपासून वेगळी तार, सोळा अँपिअरचा सॉकेट, अर्थिंग आणि धक्का बसताच वीज तोडणारा स्विच हे सारे जाणत्या वायरमनकडून करून घ्यावे. बटन असे हवे की वीज जाऊन परत आली तर यंत्र आपोआप सुरू होऊ नये. भारनियमन ज्यांनी अनुभवले आहे त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. वीज गेली म्हणून आपण पात्यावरचा भुसा हाताने झाडीत आहो, आणि वीज आली!

दिव्याचीही एक खोड आहे. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमीअधिक होतो. डोळ्याला ते कळत नाही, पण पात्याचा वेग त्या लयीशी जुळला तर फिरते पाते उभे असल्यासारखे दिसू शकते. स्वस्त एलईडी दिव्यांतही हा दोष आढळतो. यंत्राजवळ दोन वेगळ्या प्रकारचे दिवे असावेत. आणि पाते थांबले की नाही हे केवळ डोळ्यांनी ठरवू नये, वीज तोडून मगच हात न्यावा.

एक प्रश्न तरुण मंडळी हमखास विचारतील. आताचे काम प्लायवुडचे, आणि त्याचा ताव आठ फूट बाय चार फुटांचा. तो या खोलीत वळणार कसा? तो वळवूच नये. अंगणात तीन-चार समान जाडीच्या पट्ट्या अंथरून त्यावर ताव आडवा ठेवावा, सरळ फळीचा आधार घेऊन हातातल्या करवत-यंत्राने तेथेच त्याचे मोठे तुकडे करावेत, आणि तुकडेच तेवढे आत आणावेत. मोठा पसारा अंगणात आणि बारीक काम खोलीत, अशी वाटणी केली तर दहा बाय बाराची खोली अपुरी पडत नाही.

ती खोली मग कशी दिसेल? पूर्व-पश्चिम बारा फूट, उत्तर-दक्षिण दहा फूट धरा. उत्तरेला खिडकी व तिच्याखाली बाक. खिडकीच्या दोन्ही बाजूंना भिंतीवर फळी ठोकून त्यावर रोजची हत्यारे, प्रत्येकाची आकृती पेन्सिलीने काढलेली, म्हणजे संध्याकाळी काय परत आले नाही ते कळते. बाकाच्या एका टोकाशी निसणा आणि पाण्याचे भांडे. धार लावण्याची जागा दूर असली की माणूस ‘एवढे काम उरकून मग लावू’ म्हणतो, आणि बोथट पटाशी घसरून हातात जाते. बाक दोन फूट, त्याच्यापुढे उभे राहावयास तीन फूट, मग मध्यावर यंत्र दोन फूट. दक्षिणेच्या भिंतीला दीड फूट रुंदीची लाकडाची मांडणी, आणि यंत्र व ती यांच्यामध्ये दीड फुटाची वाट. झाले दहा फूट. पूर्वेला दार, साडेतीन फुटांचे. पलंग खोलीत तयार झाला आणि दारातून निघेना, ही थट्टेची गोष्ट नव्हे. तसे झालेले घर प्रत्येक तालुक्यात एखादे तरी सापडेल.

हे माप जसेच्या तसे उचलू नका. तुमच्या खोलीची दारे-खिडक्या वेगळ्या असतील. त्याला सोपी युक्ती आहे. आलेखाच्या कागदावर एका फुटाला एक सेंटिमीटर धरून खोली काढा. बाक, यंत्र, मांडणी यांचे त्याच मापाचे तुकडे कापून कागदावर सरकवून पाहा. दासोपंतांनी पंचीकरणासारखा सूक्ष्म विषय समजावून देण्यासाठी लांबलचक कापड घेऊन त्यावर तो आकृत्यांसह मांडला. ती पासोडी आपल्या अंबाजोगाईचे भूषण आहे. त्यापुढे आपले काम ते केवढे, त्याला एक कागद पुरे! कागदावर जमले म्हणजे अंगणात चुन्याने किंवा रांगोळीने खऱ्या मापाची खोली आखा. हातात सहा फुटी वासा घेऊन त्यातून फिरून पाहा, वळून पाहा. वासा कोठे अडतो ते पाच मिनिटांत कळते. शिक्षकांनी हा उद्योग मुलांकडून करवून घ्यावा. प्रमाण, क्षेत्रफळ, दिशा हे तीन धडे एकाच तासात होतात. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हातकामातून शिक्षणाची कल्पना मांडली, १९६६ च्या कोठारी आयोगाच्या अहवालाने कार्यानुभव सुचवला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तर सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत, आणि त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावे असे म्हटले आहे. कागदावर आपण फार वर्षे सुतारकाम शिकवीत आहो. एखादा बाक प्रत्यक्ष मांडावयास हरकत नाही.

भुश्याविषयी बोलल्याशिवाय मात्र पुढे जाता येत नाही. लाकडाची बारीक धूळ आपण फार हलकी समजतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच लाकडाच्या धुळीची गणना माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. नाकाच्या पोकळीचा कर्करोग प्रामुख्याने त्यात येतो. ही धूळ वर्षानुवर्षे नाकात गेल्याचा तो परिणाम आहे, एका दिवसाचा नव्हे. म्हणून हौशी माणसापेक्षा रोज आठ तास काम करणाऱ्या मुलाला धोका अधिक. नाकावर रुमाल बांधल्याने जाड भुसा अडतो, बारीक धूळ अडत नाही. तिला चांगला घट्ट मास्कच हवा. घासकागदाचे काम शक्य तो अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून करावे. खोली झाडताना आधी पाणी शिंपडावे. आणि स्वयंपाकघराचे दार या खोलीत उघडत असेल तर ते बुजवावे, किंवा खोलीच दुसरी निवडावी. याबाबतीत घरच्या बाईमाणसाचे मत आधी घ्यावे. धूळ पडणार ती त्यांच्या पिठात, आणि तान्ह्या मुलाच्या पाळण्यात. जागा ठरविताना त्यांना विचारले नाही, तर ती कार्यशाळा सहा महिन्यांत अंगणाच्या टोकाला जाते, हा माझा पाहण्यातला अनुभव आहे.

जमलेला भुसा शेतकऱ्याने थेट वावरात टाकू नये. तो कुजताना जमिनीतले नत्र ओढून घेतो आणि पीक पिवळे पडते. शेणाबरोबर उकिरड्यात वर्षभर कुजवून मग टाकावा. प्लायवुडचा भुसा, त्यात डिंकाची रसायने असतात, तो उकिरड्यातही नको आणि चुलीतही नको. आणखी एक. जवसाचे तेल लाकडाला लावावयास उत्तम, परंतु त्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना तापते, आणि गोळा आपोआप पेटू शकतो. काडी लावावी लागत नाही. चिंध्या दोरीवर पसरून वाळवाव्यात, किंवा पाण्याच्या डब्यात बुडवाव्यात.

जुन्या माळवदाच्या घरात काम मांडणाऱ्यांना एक विनंती आहे. अशा घराचा सारा भार खांब आणि तुळया वाहतात, वर पांढऱ्या मातीचा जाड थर असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जड भिंती आणि छपरे कोसळून हजारो माणसे गेली, हे लातूर-बीडकडच्या माणसाला विसरता येणार नाही. खणांची मजबूत लाकडी चौकट जेथे शाबूत होती, तेथे काही घरांत भिंती पडूनही छत उभे राहिले. म्हणून खांबाला खाच पाडून शिकंजा बसवणे, तुळईला साखळी टांगून ओंडका उचलणे, मध्ये येतो म्हणून एखादा खांबच काढणे, हे मुळीच करू नये. बैठ्या कामाचा पाट खांबाशी बसवावयाचा तो दोरीने आवळून, खिळा मारून नव्हे. खांब वाटेत येत असेल तर बाक त्याच्याभोवती मांडावा.

उलट, जी माळवदे मालकांनी आपणहून उतरवली त्यांचे सागवान आजही विकत मिळते. पन्नास-साठ वर्षे वाळलेले ते लाकूड बाकासाठी फार चांगले, नव्या सागापेक्षा स्वस्तही पडते. घेताना टोकाला चाकू टोचून पाहावा, मऊ लागले तर सोडून द्यावे. घरी आणल्यावर आधी लोहचुंबक फिरवून जुने खिळे शोधावेत आणि ते सारे उपटल्याखेरीज रंधा लावू नये. भिंतीवरची फळी, मांडणीचे आधार हे पहिल्या महिन्यात पक्के ठोकू नका, दोरीने बांधून काम करून पाहा. हात सवयीने कोठे जातो ते कळले, म्हणजे मग खिळे मारा.